पुराची तयारी गळितासारखी करा



दरवर्षी आषाढाच्या आसपास आपल्या कारखान्यात मिल रोलरचं पूजन होतं. नारळ फुटतो, संचालक मंडळी, अधिकारी, कामगार जमतात, पेढे वाटले जातात. गळीत सुरू व्हायला त्या वेळी अजून चार महिने असतात. पण तोवर शेतकी खात्याच्या रजिस्टरला प्रत्येकाच्या लागणीची तारीख, उसाची जात, क्षेत्र, गट नंबर चढलेला असतो. मुकादमांशी करार झालेले असतात, त्यांना उचल दिलेली असते. वाहतूकवाल्यांची कागदपत्रं होऊन गेलेली असतात. वर्कशॉपमध्ये यंत्रं खोलून ठेवलेली असतात आणि कुठलं बेअरिंग बदलायचं ते इंजिनिअरांनी लिहून ठेवलेलं असतं. बॉयलर पेटवायच्या दिवशी चेअरमनसाहेब जर म्हणाले, 'आता तोडणीवाले कुठं मिळतात ते बघूया,' तर आपण त्यांना वार्षिक सभेत बोलू देऊ का?

त्याच आषाढात नदीला तांबडं पाणी येतं. त्या पाण्यासाठी आपल्याकडं काय तयार असतं, हा प्रश्न मी गेली काही वर्षं दिसेल त्याला विचारतो आहे. उत्तर एकच मिळतं: 'येऊ दे की, मग बघू.'

मी नदीकाठचा सभासद आहे. आमच्या गावाला तीन बाजूंनी कृष्णा आहे. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं होतं. तिथं चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका धरतात, म्हणजे काय झालं असेल ते समजून घ्या. गावात नाव होती. ग्रामपंचायतीची होती, कागदावर चांगली होती. प्रत्यक्षात ती देवळामागं पालथी पडलेली, तळाच्या दोन फळ्या कुजलेल्या, आणि ती चालवणारा माणूस पोरांकडं पुण्याला गेलेला. दोरखंड कुणाच्या तरी गोठ्यात. पेट्रोमॅक्सच्या जमान्यातली आमची पिढी, पण त्या रात्री गावात चालू बॅटरीसुद्धा धड चार नव्हत्या. मोबाईल दुसऱ्या दिवशी सकाळीच मेले.

त्या आठवड्यात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढताना नाव उलटली. त्यात बायका-पोरं गेली. त्यावर मी जास्त लिहीत नाही, त्या भागातले सभासद हे वाचतील. एवढंच म्हणतो की, जीव वाचवायला निघालेल्या नावेत किती माणसं घ्यायची हे पुराच्या पाण्यात उभं राहून ठरवता येत नाही. ते उन्हाळ्यात ठरवून, नावेवर रंगानं लिहून ठेवावं लागतं.

पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली गेला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची माणसं मर्द, शिकलेली, साहित्यानं सज्ज. पण त्यांचा तळ पुण्याजवळ आणि रस्ता बुडालेला. त्यांनी शेकड्यानं माणसं काढली, त्यांचे उपकार आहेत. तरी पहिले दोन दिवस ज्यानं त्यानं शेजाऱ्यालाच हाक मारली. जगात कुठंही जा, भूकंप असो की पूर, पहिल्या काही तासांत वाचलेली बहुतेक माणसं शेजाऱ्यांनीच वाचवलेली असतात. बाहेरची मदत येईपर्यंतचा वेळ गावाचा असतो. तो गावानं आधी तयार केलेला पाहिजे.

पाणी उतरलं आणि मग मदत आली. काय मदत आली म्हणता! महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातनं ट्रक आले. ज्यांच्याकडं त्या साली प्यायला पाणी नव्हतं अशा दुष्काळी भागातनंसुद्धा भाकरी बांधून पोरं आली. माणुसकीला तोड नव्हती. आता पुढचं लिहितो त्याचा अर्थ कुणी उलटा घेऊ नये.

ट्रक डांबरी रस्त्याच्या गावांत थांबले. रस्त्यावरच्या एका गावाला तीन तीन वेळा बिस्किटं मिळाली आणि आत चार किलोमीटरवर आमच्याकडं दोन दिवस कुणी फिरकलं नाही. आले तेव्हा पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं आणि कपडे. कपड्यांचा शाळेच्या पटांगणात ढीग झाला. त्यात लग्नातला कोट होता, उंच टाचेच्या चपला होत्या, फाटकी अंतर्वस्त्रंही होती. आमची आजी त्या ढिगाकडं बघून म्हणाली, "आरं, आमच्या अंगावर घालाय रग्गड हाय, म्हशीपुढं घालाय काय हाय ते सांगा." नंतर पाऊस आला, ढीग भिजला, कुजला, आणि ग्रामपंचायतीला तो जाळायला वेगळी माणसं लावावी लागली.

आम्हाला काय हवं होतं? चारा. घरातला गुडघाभर चिखल काढायला फावडी, पाट्या, खराटे. ब्लीचिंग पावडर. म्हाताऱ्यांच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या. बायकांना पाळीचे कपडे. हे आमच्या घरच्या मंडळींनी सांगितलं म्हणून लिहितो, आम्हा पुरुषांच्या यादीत ते नव्हतं. भिजलेल्या मोटारी भरून देणारा माणूस. आणि खरं सांगायचं तर थोडा रोख पैसा, ज्याच्या त्याच्या गरजेनं खर्च करायला. पण हे कुणी विचारलंच नाही, आणि आम्हीही कळवलं नाही. कळवणार कोण, कुणाला?

हा प्रकार आपल्याकडचाच आहे असं समजू नका. ७ डिसेंबर १९८८ ला आर्मेनियात मोठा भूकंप झाला, तेव्हा सगळ्या जगानं औषधं पाठवली. सुमारे पाच हजार टन औषधं आणि दवाखान्याचं साहित्य! ते नुसतं निवडून लावायला पन्नास माणसांना सहा महिने लागले. कुठल्या भाषेतलं लेबल, कुठली मुदत संपलेली, काय गोठून गेलेलं. तातडीला खरोखर उपयोगी असा माल निम्म्याहून कमी निघाला. सहा महिने! तोवर जखमी माणूस एकतर बरा होतो नाहीतर जातो.

याच्याहून मोठा धडा १९९४ चा. आफ्रिकेत रवांडातल्या हत्याकांडानंतर लाखो निर्वासित सीमा ओलांडून गोमा गावापाशी येऊन पडले. मदत संस्थांची तिथं गर्दी झाली, झेंडे लागले, फोटो निघाले. आणि त्याच छावण्यांत कॉलरा आणि हगवणीनं पहिल्या महिन्याभरात पन्नास हजारांच्या आसपास माणसं मेली. खाली ज्वालामुखीचा खडक, खड्डा खणता येईना, संडास नाही, सरोवराचं पाणी तसंच पिणं. पुढं संस्थांनीच आपली चौकशी केली. त्यातून १९९७ साली त्यांनी एकत्र बसून किमान मापं ठरवायला घेतली. आज ती 'स्फिअर' या नावानं ओळखली जातात. माणशी दिवसाला पंधरा लिटर पाणी. वीस माणसांमागे एक संडास. झोपायला-बसायला माणशी साडेतीन चौरस मीटर झाकलेली जागा. अडीचशे माणसांमागे एक नळ.

ही मापं वाचल्यावर मी वहीवर हिशेब मांडला. तुम्हीही मांडा. आमचं गाव तीन हजार वस्तीचं धरलं तर दिवसाला पंचेचाळीस हजार लिटर पाणी लागतं. दहा हजारी टँकरच्या साडेचार खेपा. संडास दीडशे. साठ मीटर लांब आणि वीस मीटर रुंद असं एक गोदाम धरलं तर त्यात साडेतीनशेच्या आतच माणसं नीट राहू शकतात. आणि ऑगस्टात आपली गोदामं साखरेनं भरलेली असतात हे विसरू नका. २०१९ ला आपल्या कारखान्यानं चौथ्या दिवशी एक रिकामं गोदाम उघडून दिलं, दोन्ही वेळचं जेवण दिलं. त्याबद्दल संचालक मंडळाचे आभार मानायला मी स्वतः गेलो होतो. पण त्या गोदामात किती माणसं होती आणि संडास किती होते हे जे तिथं होते त्यांनी आठवावं. बायका पहाटे चारला उठून उसाच्या फडात जात होत्या. आणि जनावरांचा हिशेब तर वेगळाच. एक म्हैस दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी पिते. साहेबांच्या मापात म्हैस नाही, आपल्या मापात तिला धरलं पाहिजे.

मोठ्या मदत संस्था आता कसं काम करतात ते बघितलं तर ते आपल्या कारखान्यासारखंच वाटतं. संयुक्त राष्ट्रांनी इटलीत ब्रिंडिसी बंदरावर २००० साली मदत साहित्याचं कोठार उघडलं. पुढं दुबई, पनामा, घानातलं अक्रा, मलेशियातलं क्वालालंपूर अशा ठिकाणी तशी कोठारं झाली. तंबू, ताडपत्री, पाणी शुद्ध करायची यंत्रं, जनित्रं तिथं आधीच रचून ठेवलेली असतात. संकट आल्यावर टेंडर काढत बसत नाहीत. व्यापाऱ्यांशी दर आधीच ठरलेले असतात, कोण कुठला माल किती दिवसांत देणार ते लिहिलेलं असतं. आपण मुकादमाला उचल देतो त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की मुकादम उचल घेऊन पळतो तसा ताडपत्रीवाला पळत नाही, निदान ऐकण्यात तरी नाही.

पण कोठारं आणि विमानं ही पैशाची कामं झाली. मला सगळ्यात पटलेलं उदाहरण गरिबाचं आहे, बांगलादेशचं. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री तिथल्या किनाऱ्यावर, भोला बेटाच्या भागात, चक्रीवादळ आलं. तेव्हा तो पूर्व पाकिस्तान होता. तीन लाखांहून जास्त माणसं एका रात्रीत गेली. पाच लाख म्हणणारेही आहेत. वादळ येतंय याची खबर रेडिओला होती. पण ती बेटावरच्या माणसाच्या दारापर्यंत नेणारा कुणी नव्हता, आणि नेली असती तरी तो पळून जाणार कुठं? सपाट मुलूख.

१९७२ साली तिथल्या नव्या सरकारनं आणि रेडक्रॉसनं मिळून एक कार्यक्रम सुरू केला. गावातलेच स्वयंसेवक निवडायचे. त्यांना काय दिलं? एक रेडिओ, तोंडाला लावायचा कर्णा, हातानं फिरवायचा भोंगा, रेनकोट, गमबूट, बॅटरी, झेंडे. धोक्याच्या पायरीप्रमाणं एक झेंडा, दोन झेंडे, तीन झेंडे. वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यालाही झेंडे मोजता येतात. प्रत्येक पथकात कामं वाटलेली: खबर देणारे वेगळे, माणसं हलवणारे वेगळे, प्रथमोपचारवाले वेगळे. पगार नाही. शिवाय मातीचे उंच ओटे केले, त्यांना तिकडं किल्ले म्हणतात. त्यावर गुरं न्यायची. मला हे वाचून त्या योजनाकारांबद्दल आदर वाटला. कारण शेतकरी जनावर सोडून निघत नाही, हे त्यांनी पहिल्याच सपाट्याला ओळखलं होतं. २०१९ ला आमच्या गावात जी घरं शेवटपर्यंत हलली नाहीत त्यातल्या बहुतेक घरांत दावणीला जनावर होतं. बोटीतनं आलेला जवान म्हणतो, "चला लवकर," आणि आमचे तात्या म्हणतात, "आधी हिला न्या."

१९९१ च्या एप्रिलमध्ये तिथं पुन्हा मोठं वादळ झालं आणि १ लाख ३८ हजार माणसं गेली. म्हणजे खबर पोचली, स्वयंसेवक धावले, तरी आसरा घ्यायला पक्क्या इमारती पुरेशा नव्हत्या. त्यात बायकांचं प्रमाण फार मोठं. नवरा घरी नाही, त्याला विचारल्याशिवाय निघायचं कसं. परक्या पुरुषांच्या गर्दीत, संडासाची सोय नाही अशा ठिकाणी पोरीबाळींना घेऊन बसायचं कसं. आणि पाण्यात अंगाला गुंडाळणारी साडी. या चुकांतून ते शिकले. निवारे बांधले, बायकांची वेगळी सोय केली, आणि स्वयंसेवकांत बायका घेतल्या. आज तिथं सुमारे ७६ हजार स्वयंसेवक आहेत आणि त्यात निम्म्या बायका. २००७ च्या 'सिद्र' वादळात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली. २०२० च्या 'अम्फान'च्या वेळी वीस लाखांहून जास्त माणसं आधीच हलवली होती, मृत्यू पंचवीस-तीसच्या घरात. वादळ वादळासारखं नसतं हे मान्य, आकड्याला आकडा लावून बरोबरी करू नये. तरी लाखावरून विसावर येणं हे काही वाऱ्याच्या मेहेरबानीनं झालेलं नाही.

आपल्या देशात ओरिसानं, म्हणजे आताच्या ओडिशानं, हेच केलं. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथं दहा हजारांच्या आसपास बळी गेले. त्याच साली त्यांनी वेगळं आपत्ती प्राधिकरण काढलं. किनाऱ्यावर निवारे बांधले, गावोगावी पथकं शिकवली, दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाला सगळ्या किनाऱ्यावर रंगीत तालीम घेतात. ऑक्टोबर २०१३ ला 'फायलिन' आलं तेव्हा दहा लाखांच्या जवळपास माणसं हलवली आणि बळी पन्नासच्या आत राहिले. तालीम म्हटली की आपल्याकडं हसतात. पण बॉयलर पेटवण्याआधी आपण ट्रायल घेतोच की नाही?

आणखी एक गोष्ट नवी आहे, ती मला दोनदा वाचावी लागली. जुलै २०२० मध्ये बांगलादेशात जमुना नदीला पूर येणार असा अंदाज निघाला. त्याबरोबर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न कार्यक्रमानं नदीकाठच्या २३ हजारांवर कुटुंबांना मोबाईलवर प्रत्येकी ४,५०० टका पाठवले. पुराचा जोर वाढण्याआधी! पंचनामा नाही, तलाठी नाही, फोटो नाही. आधीच ठरलेलं होतं की पाणी अमुक पातळी गाठणार असा अंदाज निघाला की पैसे सुटणार, कुटुंबांच्या याद्या तयार होत्या. त्या पैशात लोकांनी जनावरं हलवली, धान्य घेतलं, घरातलं सामान वर नेलं. गाय बुडाल्यावर मिळालेल्या भरपाईपेक्षा गाय हलवायला मिळालेलं टेम्पोभाडं किती स्वस्त पडतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

इथं मी मुद्द्यावर येतो. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापूरकडं अतिवृष्टीनं हाहाकार केला. त्यानंतर सरकारनं २०२५-२६ च्या हंगामासाठी कारखान्यांकडून टनामागे १५ रुपये घ्यायचा निर्णय केला. १० मुख्यमंत्री साहाय्यता निधीला आणि ५ पूरग्रस्त शेतकऱ्यांसाठी. त्यावर बराच वाद झाला. पैसे कुणाच्या खिशातले, कारखान्याच्या की उसाच्या बिलातले, यावर सभा गाजल्या. त्या वादात मी इथं पडत नाही. संकटात सापडलेल्याला द्यायला आपला सभासद कधी मागं नव्हता, १९६७ च्या कोयनेच्या भूकंपापासून आमच्या वडिलांची पिढी देत आली आहे. माझं म्हणणं असं की, पूर गेल्यावर टनामागे किती द्यायचं यावर आपण जेवढं भांडतो त्याच्या दहाव्या हिश्श्यानं तरी पुराआधी टनामागे काय ठेवायचं यावर बोलू.

टनाला एकच रुपया धरा. दहा लाख टन गाळप झालं तर दहा लाख रुपये होतात. त्यात फायबरच्या बोटी, जॅकेटं, दोर, बॅटऱ्या, कर्णे, ब्लीचिंग असं काय काय बसतं ते स्टोअर खात्यानं दर मागवून सभेपुढं ठेवावं. उरलेलं बहुतेक आपल्याकडं आहेच, फक्त मोजलेलं नाही. कारखान्याच्या आवारात उंचावर गाडीतळ मोकळा पडलेला असतो; तिथं हजारभर जनावरं बांधता येतील. पाण्याचे टँकर आहेत. डिझेल पंप आहे. वेल्डिंगवाला, वायरमन, फिटर आहेत. सभासदांचे ट्रॅक्टर-ट्रॉल्या किती, कुणाच्या, फोन नंबर काय, हे वाहतूक करारात लिहिलेलं आहे. गट ऑफिसं गावागावाला आहेत आणि चिटबॉयला तर कुणाच्या बांधावर काय चाललंय ते सासरच्यांआधी कळतं. एवढी यंत्रणा कुठल्या मदत संस्थेकडं आहे सांगा! ऑगस्टात ती नुसती बसलेली असते.

वाढं त्या दिवसांत मिळत नाही, तेव्हा चाऱ्याचं आधी ठरवायला हवं. ज्यांच्याकडं मूरघास आहे अशा माळावरच्या सभासदांशी उन्हाळ्यातच दर ठरवून करार करावा. पूर आला नाही तर त्यांचा माल त्यांच्याकडं, काही नुकसान नाही.

आणि फुटाचं ठरवावं. आयर्विनची पट्टी सगळ्यांना पाठ आहे, पंचगंगेकाठच्यांना राजाराम बंधाऱ्याची. आमच्या खालच्या आळीत पाणी शिरतं ते आयर्विनला बेचाळीसच्या पुढं. दुसऱ्या गावाचं वेगळं असेल. प्रत्येक गावानं आपापला फूट लिहून द्यावा. तीस फुटाला बोटीचं इंजिन चालू करून बघायचं, डिझेल भरायचं, याद्या काढायच्या. पस्तीसला जनावरं हलवायची, न विचारता, ट्रॉल्या कारखान्यानं लावायच्या. चाळीसला म्हातारी माणसं, बाळंतिणी, गरोदर, अंथरुणाला खिळलेली. पंचेचाळीसला नदीकाठच्या आळीत कुणी राहताच कामा नये. पाणी चढलं नाही आणि फुकट हलावं लागलं, असं चार सालांतनं दोनदा होईल. होऊ दे. पोरं नावं ठेवतील, तेही ऐकून घेऊ.

यादी हा अवघड विषय आहे, तो टाळून चालणार नाही. २०१९ नंतर आणि पुन्हा २०२१ ला बुडीत उसाला आधी तोड द्यायची असं तोंडी ठरलं होतं. शेंड्यावरनं पाणी गेलेला, पोंगा कुजलेला ऊस दिवसागणिक वजन घालवतो हे लहान पोरालाही कळतं. पण काय झालं ते आपण बघितलं. ज्याच्या बांधालाही पाणी लागलं नाही त्याचा ऊस बुडीतात गेला आणि ज्याचा सगळा फड झोपला तो जानेवारीपर्यंत टोळीची वाट बघत बसला. मी कुणाचं नाव घेत नाही, मलाच एकानं विचारलं होतं, "तुझंबी घालू का?" पुराआधी पूररेषेतल्या क्षेत्राची यादी तयार करून गट ऑफिसच्या भिंतीला लावली, तर पुरानंतर ती फुगणार नाही. मदतीचं साहित्य आणि तोडणीचा प्रोग्राम दोन्ही त्याच यादीनं चालावं.

काही सभासद म्हणतील की, सरकार आहे, २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे, जिल्हाधिकारी आहेत, कारखान्यानं साखर करावी. खरं आहे. त्यांना डावलून काही करायचं नाही, त्यांच्याच आराखड्यात आपली बोट आणि आपला गाडीतळ नोंदवायचा आहे. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: कमिटी झाली की तिला अध्यक्ष येणार, अध्यक्षाला जीप येणार, आणि बोटी पुन्हा देवळामागं पालथ्या पडणार. याला माझ्याकडं पक्कं उत्तर नाही. एक सुचवतो. कमिटीत संचालक एकच असावा, बाकी नदीकाठच्या गावांतनं दोघं दोघं, त्यात एक बाई पाहिजेच. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कामात गावोगावी बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं होतं, तो अनुभव चांगला होता. उलट तिथंच बावन्न गावं नव्या जागी उठवली तेव्हा शहरासारखी सरळ रेषेत घरं बांधून दिली, आणि गोठा कुठं, कडबा कुठं, हे शेतकऱ्याला नंतर शोधावं लागलं. गावातल्या बाईला आधी विचारलं असतं तर तिनं पहिल्या दिवशी सांगितलं असतं. आणि दरवर्षी मिल रोलर पूजनाच्या दिवशीच, पेढे वाटण्याआधी, बोटी पाण्यात घालून चालवून दाखवाव्यात. सगळ्यांसमोर. बुडाली तर तिथंच कळेल.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी मी रीतसर ठराव लिहून कार्यालयात दिला आहे. मजकूर असा: 'नदीकाठच्या सभासद गावांसाठी कारखान्यानं पूर पथक नेमावं, त्यासाठी टनामागे एक रुपया वेगळ्या खात्यात ठेवावा, त्या खात्याचा हिशेब अहवालात छापावा, आणि पूररेषेतल्या उसाची यादी ३१ मेपूर्वी गट ऑफिसात लावावी.' सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदकाची जागा अजून रिकामी आहे. माळावरच्या एखाद्या सभासदानं, ज्याच्या रानात कधीच पाणी येत नाही, त्यानं ती सही केली तर मला जास्त बरं वाटेल. कार्यालय दहा ते पाच उघडं असतं.

— नदीकाठचा एक ऊस उत्पादक सभासद